बर्फात निजलेली आंबील

लेकीचं बाळंतपण करून मुधोळहून आले तर पायावर पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ चुलीमागच्या कोपऱ्यात गेले. तिथं आमचं आंबिलीचं मडकं असतं. मडकं होतं, पण पालथं. धुतलेलं, पुसलेलं, बुडाला ऊन दाखवलेलं. कुंभाराच्या ओसरीवर मडकी असतात तसं, कुण्या घरचं नसल्यासारखं.

"नीलिमा!"

सून हात पुसत बाहेर आली. ती शाळेत टीचर आहे, आदिलाबादेतल्या नोकरदारांच्या घरची. एरवीच शुद्ध बोलते, घाबरली की आणखी शुद्ध बोलते.

"आत्याबाई, चहा ठेवते. रुपाताईंचं बाळ कसं आहे?"

"बाळ बाळाच्या जागी हाय. माह्यं विरजण कुठी हाय?"

"फ्रीजरमध्ये."

मला वाटलं, फ्रीजात म्हणते. थंड झालं असेल, ठीक आहे. तर तिनं वरचा कप्पा उघडला. आइसक्रीमच्या डब्याशेजारी माझा स्टीलचा डबा. झाकण निघेना. सांडशीनं ठोकून काढलं तर आत पांढरा दगड. बोटानं वाजवला तर ठण वाजला. नाक लावलं, वास नाही. ज्या विरजणाचा वास अंगणात येत होता, त्याला वासच नाही.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून, रात्रभर आंबवून, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवलेली पेज. दह्याला विरजण लागतं तसं हिलाही लागतं. शिजवायच्या आधी आंबलेलं पीठ वाटीभर मागं ठेवायचं आणि संध्याकाळी त्याच्यावर नवं पीठ कालवायचं. हे रोज. एक दिवस चुकला तर चालतं, दोन चुकले तर ते रागावतं, चार चुकले तर नासतं. आमच्या घरचं विरजण माझ्या सासूनं तिच्या सासूकडून घेतलं होतं. त्याच्या मागचं मला ठाऊक नाही. ते आंबट असतं, आणि आंबटाच्या मागून एक तुरट चव येते, जिभेच्या पार मुळाशी. ती चव दुसऱ्या कुण्या घरी नाही.

म्हणून तर मान आमचा. आषाढातल्या आखाडीच्या सणाला नाल्यावरच्या मरीआईला आंबिलीची पहिली घागर जाते ती आमच्या घरून. तेलुगू घरं तिलाच पोचम्मा म्हणतात, तीही आमच्याच घागरीमागं चालतात. घागर चढल्याशिवाय त्या दिवशी गावात कुणी औत जुपत नाही. एकच अट आहे. आंबलेलं पीठ चुलीवर चढवायच्या आधी गावातल्या सुभद्रेनं चाखायचं. तिनं "चढव" म्हटलं तर शिजवायचं. नाही म्हटलं तर तिच्या घरची आंबील तयार असते, ती पहिली जाते. सुभद्रेच्या घराला चाखायचा मान आहे आणि आमच्याला द्यायचा. माझ्या हयातीत तिला नाही म्हणायची संधी मी दिली नव्हती. दरवर्षी बिचारी स्वतःची आंबील आंबवते आणि दरवर्षी घरीच पिते.

आखाडी परवावर आली होती.

"अशी कशी ठेवली वं?" मी विचारलं. "तुले रोज पीठ घाल म्हनलं व्हतं ना?"

"आठवडाभर घातलं, आत्याबाई. मग आमचं ट्रेनिंग लागलं मंडलच्या ऑफिसात. सकाळी जायचं, अंधारात यायचं. दोनदा विसरले, वास बदलला. मला वाटलं नासण्यापेक्षा गोठवून ठेवू. गोठवलेलं नासत नाही."

"मेलेलंबी नासत नाही काई दिवस."

 मी डबा उराशी धरला. हात सुन्न झाला, तरी सोडला नाही.

मी महिनाभर बाळंतिणीपाशी राहून आले होते. बाळंतिणीला गारठा लागू नये म्हणून शेक देतात, बाजेखाली निखारे ठेवतात. गारठलेल्याला ऊब द्यायची, एवढं मला कळतं. चुलीतले निखारे पुढं ओढले, वर राख पसरली आणि डबा राखेत बसवला. शिजवायला नाही, शेकायला. शिजलं की विरजण मरतं हे मला कुणी शिकवायला नको.

नीलिमा म्हणाली, "तसंच बाहेर ठेवलं तर नाही का चालणार?"

"तू ठेवलं तसं आता मी ठेवते."

"मी काही वाईट म्हणून केलं नाही."

"वाईट म्हनून कोन करते? माह्या सासूनं आपल्या जावेले विरजण देलं नव्हतं, तुह्या भरवशावर टाकून गेली मी!"

"तुम्ही माझ्या भरवशावर नाही टाकलं. तुम्ही टाकून गेलात. मी शाळा करू, घर करू की मडक्याला भरवत बसू?"

आता असं बोलल्यावर मी ऐकून घेईन का? तिच्या माहेरापासून सुरुवात केली. तिच्या आईनं लग्नात रुखवतात मिक्सर ठेवला होता, तिथपर्यंत पोचले. तीही आज मागं हटेना. भांडण चांगलं रंगात आलं होतं, तेवढ्यात ओवी कॉलेजातून आली. ओवी माझी नात, नीलिमाची लेक. आदिलाबादेत बीएस्सी करते आणि जंतूंचंच काहीतरी शिकते. दारातून तिनं नाक वर केलं.

"आजी, काय शिजून राह्यलं?"

मी वळून पाहिलं तर डब्याच्या कडेनं बुडबुडे येत होते.

ओवीनं ओढणीनं डबा उचलला. कडेचं पीठ शिजून खळीसारखं झालं होतं. मधोमध मात्र पेरूएवढा गोळा तसाच पांढरा, तसाच कडक. तिनं चमच्यानं तो अलगद सोडवला, ताटलीत ठेवला आणि थंड ओट्यावर नेला.

"बाकीचं गेलं," ती म्हणाली. "एवढा गोळा वाचला असंन त."

"म्हंजे यातलं जित्तं हाय?"

"आजी, थंडीनं सगळे मरत नाहीत. काई मरतात, काई अर्धे मरतात, काई नुसते निजतात. आपल्या फ्रीजरात हळूहळू गोठते, त त्यायच्या आत-बाहेर बर्फाचे काटे होतात. त्या काट्यायनं अंग फाटते. ज्यायचं फाटलं ते गेले. ज्यायचं थोडंसं फाटलं ते दुरुस्त होऊ शकतात, पन त्याले वेळ लागते." मग आईकडं वळली. "मम्मी, करंट गेला होता का मधात?"

नीलिमानं मान खाली घातली. "दोनदा. एकदा तर रात्रभर नव्हता."

"मंग त लईच मेले असतीन. वितळलं, पुन्हा गोठलं. दरवेळी नवे काटे."

मी त्या गोळ्याकडं पाहत बसले. निजलेलं हलत नाही आणि मेलेलंही हलत नाही. मग माणसानं ओळखायचं कसं?

"ओळखायचं एकच," ओवी म्हणाली. "खायाले द्यायचं आन् थांबायचं."

थांबणं मला कधी जमलं नाही. गोळा वितळेपर्यंत मी ओट्यापाशी किती फेऱ्या मारल्या ते कोण मोजतं. हात लावू नको म्हणाली, तर फुंकर घातली. फुंकर नको म्हणाली, तर नुसती उभी राहिले. वितळलं तेव्हा खाली पाणी वेगळं, वर पीठ वेगळं. नासक्या दुधासारखं. चाखलं. पिठाची चव, पाण्याची चव, आणि कुठं तरी लांब, खूप लांब, आंबट. की मीच आठवत होते?

मी परातभर पीठ काढलं.

"एवढं नाही!" ओवी धावली. "आजी, ते आजारी हायत. आजाऱ्याच्या ताटात पुरणपोळी वाढते का तू? वाटीभर पेज दे, पातळ. कोमट, बोट सहन करंन तेवढी."

"परवा घागर भरायची हाय मले, वाटी नाही."

"वाटी आंबली त उद्या गंज, गंज आंबला त परवा घागर. वाटीच नाही आंबली त काईच नाही."

पोरगी माझ्यावर गेली आहे, हे तेव्हा कळलं. तोंड बंद ठेवून वाटीभर पेज घातली. नीलिमानं न सांगता आपली जुनी शाल आणून भांड्याभोवती गुंडाळली. मी ती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. काही नाही. दुपारी उघडलं. काही नाही. ओवी कॉलेजातून फोन करून म्हणाली, "झाकन उघडू नको." म्हटलं, तुला काय दिसतं तिथून? म्हणाली, "दिसत नाही, माहीत हाय."

गावात बातमी पोचायला डाकिया लागत नाही. पाण्याच्या टाकीपाशी गेले तर बायका हसणं थांबवून बोलू लागल्या. चंपतची बायको म्हणाली, "मावशी, आमच्या फ्रीजात जागा हाय बरं, लागली त सांगा." मी म्हटलं, "तुह्या फ्रीजात तुही अक्कल ठिव, ताजी राहीन."

घरी येऊन पुन्हा झाकण उघडलं. आता एक बुडबुडा होता. एकच. पिठात हवा राहिली की काय म्हणून काडीनं फोडला. बाजूला दुसरा आला.

मी ओरडले नाही. बाहेर जाऊन तुळशीपाशी उभी राहिले, पुन्हा आत आले. तिसरा होता.

संध्याकाळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पीठ कालवलं आणि त्यात ती वाटी सोडली. नीलिमा बाजूला उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, थोडं लिंबू पिळलं तर? किंवा ताक? कोणाला कळणार?"

"सुभद्रेले कळंन."

"तिला फक्त आंबट आहे की नाही एवढंच बघायचं असतं ना?"

"तुले कोनं सांगितलं येवढंच असते?"

खरं तर अट तेवढीच आहे. पण लिंबाची आंबील मरीआईसमोर नेऊन मी काय सांगणार होते, माझ्या घरच्या झाडाला लिंबं चांगली लागतात म्हणून?

आखाडीचा दिवस उजाडला तो कोरडा. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, तो नेमका काल थांबला. जमिनीला वाफसा आला होता. कापसात तण उभं, डवऱ्यानं ते काढायची डवरणी खोळंबलेली. अशी सकाळ शेतकऱ्याला वर्षातून मोजक्या वेळा मिळते. दिवस वर यायच्या आत माणसं बैल घेऊन पारापाशी जमली. डवरे खांद्यावर, नजर आभाळाकडं, कान आमच्या दाराकडं. घागर गेली की सुटायचं.

सुभद्रा आली. हातात स्वतःचा पेला, दरवर्षी आणते तोच. नेसणं पण कडक. डोक्यावरचा पदर असा की आज तिच्याच घरचं लग्न.

"जयवंते, उठली का तुही आंबील? का अजून पांघरूनातच हाय?"

"चाख आन् बोल."

तिनं घोट घेतला. तोंडात फिरवला. डोळे बारीक केले. मी तिच्या गळ्याकडं पाहत होते, गिळते की नाही. गिळला.

"नाही," ती म्हणाली. "हिरवी हाय. पीठच लागते अजून."

मला माहीत होतं. मी तिच्या आधी चाखली होती.

पारावरून भिवाजी पटेल आला. वयानं माझ्याहून लहान, आवाजानं सगळ्या गावाहून मोठा. "मंग वयनी? सुभद्राबाईची घागर भरायची ना? नेरडीगोंड्याकडून आभाळ भरून राह्यलं. दुपारून पानी आलं त वाफसा गेला."

सुभद्रेची सून वृषाली दारात उभी होती, डोक्यावर चुंबळसुद्धा ठेवून. आधीच.

ओवी माझ्या मागून कुजबुजली, "आजी, जित्तं हाय ते. फेस येऊन राह्यला. वेळ पाहिजे फकत."

वेळ माझ्याकडं नव्हता. तो पारावर उभ्या असलेल्या लोकांकडं होता, बैलांच्या मानेवर होता. मी पदर सारखा केला, पारापाशी गेले आणि म्हटलं, "थांबा. दुपारपर्यंत थांबा."

 एका बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं.

भिवाजी म्हणाला, "वयनी, सांगून राह्यली का मागून राह्यली?"

आजवर मी या गावात काही मागितलेलं नाही. मीठ नाही, विस्तव नाही. माझ्या घरून लोक नेत होते. घरात पाहिलं तर दारात नीलिमा. तिचा चेहरा असा झाला होता की जणू तीच पारावर उभी आहे.

"मागून राह्यली," मी म्हटलं.

भिवाजीनं पागोट्याखाली खाजवलं. त्याला बहुतेक भांडण पाहिजे होतं, हे नको होतं. "इचारा बाप्पा बाकीच्यायले," तो म्हणाला. दोघंतिघं कुरकुरले. एकजण माझ्या देखतच थुंकला. चंपत म्हणाला, "डवरनी उद्याबी व्हईन," आणि त्याची बायको त्याच्याकडं खाऊ का गिळू अशी पाहू लागली. कुणी बैल घरी नेले नाहीत, कुणी जुपलेही नाहीत. तिथंच बांधले.

त्यानंतरची ती दुपार. मी आत जाते, झाकणाला हात लावते, ओवी हात धरते. बाहेर येते, आभाळ पाहते. नेरडीगोंड्याच्या बाजूनं काळं चढत होतं. पारावरची माणसं विडी ओढत होती आणि माझ्याकडं पाहत नव्हती, हे जास्त लागत होतं. नीलिमानं गंज उन्हाच्या कवडशात सरकवला, कवडसा हलला की पुन्हा सरकवला. दिवसभर तिनं तेवढंच केलं. न जेवता.

मग वास आला. आधी मला वाटलं शेजारून. मग गंजाला कान लावला. बारीक, फार बारीक, चुरचुर.

"सुभद्रे!" मी अंगणातूनच हाक मारली. मान घरात ठेवून.

ती आली, पेला घेऊन. झाकण काढलं तर वर जाळीसारखा फेस. तिनं घोट घेतला. या वेळी जास्त वेळ तोंडात धरला. माझ्याकडं पाहिलं नाही, चुलीकडं पाहिलं.

"चढव," ती म्हणाली.

आधण तयारच होतं. नीलिमानं वाटीभर पीठ मागं काढलं, मी बाकीचं सोडलं. घाईत हात भाजला, कळलंही नाही. घागर भरली आणि नीलिमाच्या डोक्यावर दिली. "सरळ चाल," मी म्हटलं, "शाळेत चालते तशी नको." ती हसली की रडली, घागरीखाली दिसलं नाही. डफ वाजला, बैल उठले, गाव मागं निघालं. नाल्यावर मरीआईच्या पायावर धार पडली तेव्हा पहिले थेंब आले. लोक तिथूनच शेताकडं पळाले, मिळतील तेवढ्या ओळी डवरायला.

परत येताना वाटीत उरलेली आंबील मी प्यायले. आंबट होती. चांगली आंबट. गिळली, आणि जिभेच्या मुळाशी थांबले. तुरट येईल म्हणून थांबले. नाही आली.

सुभद्रा माझ्या बाजूनं चालत होती.

"तुले कळलं," मी म्हटलं.

"हो."

"मंग काऊन चढव म्हनली?"

"आंबट झाली व्हती. आंबट झाली का, येवढंच इचारतेत मले." तिनं पेला पदराला पुसला. "तुहीच हाय का, हे कोनी इचारलं?"

 ती तिच्या गल्लीत वळली.

घरी ओवीला विचारलं. ती म्हणाली, विरजणात एका जातीचे नसतात, कितीतरी जातीचे असतात. काही जाती गारठा सोसतात, काही सोसत नाहीत. जे थोडे तरी उरले असतील ते वाढत वाढत परत येतील. जे पार संपले ते आपसूक येणार नाहीत. कोणते संपले, ते तिच्या कॉलेजातल्या जंतू बघायच्या दुर्बिणीलाही चटकन सांगता येणार नाही.

आता रोज सकाळी मी चाखते, संध्याकाळी नीलिमा पीठ घालते. कुणी न सांगता तिनं वेळ धरली आहे, शाळेतून आल्या आल्या, चपला काढायच्या आधी. कधी वाटतं आज होती तुरट, जरा. कधी वाटतं माझी जीभच मला फसवते, म्हातारीला आशा दाखवते. माझ्या एकटीच्या जिभेवर आता माझा भरवसा नाही. ती चव ओळखणारं दुसरं तोंड या गावात एकच आहे. सुभद्रेला चाखायला बोलवावं लागेल. ओवीला पाठवून बोलावणं धाडायचं, की स्वतः वाटी घेऊन तिच्या दारात जायचं, एवढंच काही केल्या ठरत नाही.